पहिला काप

ओमेश्वरी पटले गोंदियात एका कुरियर कंपनीच्या बुकिंग काउंटरवर बसते. नवरा इंदरलाल वारला त्या वर्षी तिने ही नोकरी धरली आणि सोडली नाही. सकाळी दवनीवाड्याहून बसने येते, संध्याकाळी बसने परत. घरी दोन एकर धान आहे, गोठ्याच्या छपरावर कोहळ्याचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल आहे आणि कुंपणापलीकडे धाकटा दीर चुन्नीलाल राहतो. मुलगा एकच, खुमेंद्र. तो रायपूरला लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवतो.

तिच्या घरात अख्ख्या कोहळ्याला पहिला काप बाई मारत नाही. कोहळा म्हणजे थोरला मुलगा. बाईने त्याच्यावर सुरा चालवला तर तो पोटच्या पोरावर चालतो, असं सासूने सांगितलं होतं. पुरुषाने एकदा चीर दिली की मग बाईने हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. इंदरलाल होता तोवर यात काही अडत नव्हतं. तो गेल्यावर कोहळा कुंपणापलीकडे जाऊ लागला. चुन्नीलाल काप मारायचा, अर्धा ठेवून घ्यायचा, अर्धा परत आणायचा आणि दाराशी बसून बोलायचा.

यंदा दिवाळी झाल्यावर त्याने तिचं शेत सरळच वाट्याने कसायला मागितलं.

"वहिनी, वावर बटईनं मले देऊन टाक अन् रायपूरले पोराजवळ जाऊन राय. एक कोहळा कापाले माणूस लागते तुले, वावर कसं सांभाळशीन?"

"पाहू," ती म्हणाली.

"पाहू नोको. कापणीच्या आधी सांग."

त्याचं म्हणणं तिला खोटं ठरवता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात बंगळुरूच्या मुख्य कार्यालयातून मेल आला. सगळ्या शाखांनी हॅलोविनची सजावट करायची आणि एकतीस ऑक्टोबरला चार वाजेपर्यंत फोटो पाठवायचा. शाखेची प्रमुख रुची नागपूरची, खुमेंद्रच्याच वयाची. तिने मेल वाचून दाखवला.

"हे हॅलोविन म्हणजे का होय जी मॅडम?" धर्मेंद्र कापगतेने विचारलं. तो डिलिव्हरीचं काम पाहतो.

"भुतांचा सण. अमेरिकेत असतो."

"म्हणजे भुताईची दिवाळी. मंग बोनस?"

"आधी सजावट करा."

"भूतच पाह्यजे त या महिन्याचं टार्गेट छापून लावा भिंतीवर. आमी रोजच भेतो त्याले."

कोहळ्याला डोळे आणि तोंड कोरून आत दिवा ठेवायचा होता. कोहळा आणायचं ओमेश्वरीने कबूल केलं. कापायचं धर्मेंद्रने.

एकतीस तारखेला डिलिव्हरीच्या पोरांनी कचऱ्याच्या काळ्या पिशव्या कापून वटवाघळं केली. पार्सल गुंडाळायच्या बुडबुड्यांच्या प्लास्टिकची दोन भुतं पंख्याला टांगली. कोहळा वजनकाट्यावर बसवला होता. मग कोहमारा गावाजवळ मालाची गाडी बंद पडली आणि धर्मेंद्रला पोरांना घेऊन तिकडे जावं लागलं. तीन वाजता त्याचा फोन आला. "मॅडम, मी अडकून राहिलो. तुमचं भूत आज बिनडोळ्याचंच पाठवा."

रुचीने समोरच्या भाजीवालीकडून सुरा आणला. "ताई, तुम्हीच कापा ना. तुम्हाला सवय असेल."

ओमेश्वरीने सांगितलं, पहिला काप बाई का मारत नाही ते.

"मग मी कापते. मला कुठे मुलगा आहे?"

"आज नाही. उद्या होईन न." ओमेश्वरीने सुऱ्याची मूठ धरली.

रुची हसली नाही. "बरं. चहावाल्याला बोलावते. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचंच होतं. कोणीही चाललं असतं. चहावाला, पार्सल द्यायला आलेलं गिऱ्हाईक, रस्त्यावरचा कोणताही पुरुष. ओमेश्वरीच्या मनाला तेच लागलं. चहावाला आत आला की चुन्नीलालचं बोलणं आणखी खरं होणार होतं. भीती मात्र जागच्या जागी होती. या घटकेला खुमेंद्र जमिनीपासून उंच, एका पत्र्याच्या पेटीत बसून वितळलेलं लोखंड इकडून तिकडे नेत होता.

"थांबा मॅडम," ती म्हणाली आणि फोन लावला.

"माय, ड्यूटीवर आहो. का झालं?"

"कोहळा कापून राहिली मी. पहिला काप."

पलीकडे भोंगा वाजला, थांबला.

"काऊन? काका मेला का?"

"नाही रे. मीच मारीन म्हणलं."

"अन् मले कायले विचारतेस?"

"तुह्याच जिवाचा प्रश्न आहे."

तो हसला. "मायवं, पाच मिनिटं थांब. खाली उतरतो, चहा पितो, मंग काप."

"मस्करी नोको करू."

"मस्करी नाही. उतरून राहिलो न."

ती सुरा धरून थांबली. रुचीही थांबली, घड्याळाकडे न बघता. फोन पुन्हा वाजला.

"हं. बसलो बाकड्यावर. काप."

ओमेश्वरीने फोन चालूच ठेवला, टेबलावर. दोन्ही हातांचा जोर लावला. साल कडक होती. सुरा आधी अडकला, मग एकदम आत गेला आणि कोहळा तडकला.

"झालं?" फोनमधून आवाज आला.

"झालं."

"मी आहो."

"ऐकू येऊन राहिलं."

डोळे वाकडे झाले, एक मोठा, एक लहान. फोटो वेळेत गेला. बक्षीस कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या शाखेला मिळालं. दिवा विझवल्यावर ऑफिसात करपलेल्या गराचा वास राहिला. ओमेश्वरीने कोरलेला कोहळा पिशवीत घातला आणि बस धरली.

चुन्नीलाल कुंपणाशीच उभा होता. पिशवीतलं त्याला दिसलं.

"कोणाच्यानं कापून आणला?"

"मीच कापला."

त्याने पिशवीत पुन्हा वाकून पाहिलं. "पोराले काई झालं त?"

"त्याले विचारलं होतं."

"अन् वावर?"

"वावर मीच करीन, भाऊजी. कापणीले बाया सांगून ठेवीन उद्या."

तिने भाजी केली आणि वाटीभर पलीकडे पाठवली. झाकण न उघडता वाटी परत आली. त्यानंतर चुन्नीलाल दाराशी बसायला आला नाही. कापणी झाली, मळणी झाली, धान घरात आलं.

खुमेंद्र आता रोज क्रेनवरून उतरल्यावर फोन करतो. आधी करत नसे. "उतरलो माय," एवढंच सांगतो आणि ठेवतो.