फाट्याच्या अलीकडं थांबणारी गाडी

डोळे डावीकडं-उजवीकडं फिरवले की मनातली भीती जाते, असं मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला सरळ गाडीतून खाली उतरवलं असतं. बावीस वर्षं एसटी चालवतोय मी. डावा आरसा, उजवा आरसा, समोर, पुन्हा डावा. डोळे फिरवून भीती जात असती तर आमच्या डेपोतला एकेक ड्रायव्हर वाघ झाला असता!

पण गरज माझी होती. गेल्या उन्हाळ्यात देवगाव फाट्यावर माझ्या गाडीखाली एक माणूस गेला. मोपेडवर होता, मागं टेबल फॅन बांधलेला. आडव्या रस्त्यानं तो एकदम पुढं आला. मी ब्रेक मारला, गाडी घासत गेली आणि फाट्याच्या पलीकडं जाऊन थांबली. तपासात माझा दोष निघाला नाही. तरी त्यानंतर स्टेअरिंग धरलं की गाडी पुढं नेताच यायची नाही. मग मला चौकशीच्या खिडकीत बसवलं. ‘सोनपेठ कधी लागती?’ हे दिवसभर ऐकायचं. दिवाळीनंतर माझी पुन्हा चाचणी होती. त्यात गाडी चालवता आली नाही तर स्टेअरिंग कायमचं सुटणार. आणि मला दुसरं येतंय काय?

म्हणून परभणीला एका समुपदेशक मॅडमकडं गेलो. माझ्या लेकीच्या वयाची पोरगी. ती समोर बसली, दोन बोटं माझ्या डोळ्यांपुढं धरली आणि म्हणाली, “काका, मनात तो प्रसंग आणा. मान हलवू नका, फक्त डोळ्यांनी बोटांच्या मागं जा.” बोटं डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं फिरू लागली. आठवण जागी असताना लक्ष असं दोन्हीकडं फिरत राहिलं, की आठवणीचा जोर उतरतो म्हणे.

“पण का उतरतो?” मी विचारलं.

“त्यावर जाणकारांचं अजून एकमत नाही.”

हे मला लय आवडलं. नक्की माहीत नाही, असं तोंडावर कबूल करणारा शिकलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग माझे प्रश्न काही थांबेनात. बोट वर-खाली फिरवलं तर? एक डोळा झाकला तर? आंधळ्या माणसानं काय करायचं? तिनं ड्रॉवरमधून सुपारीएवढी दोन यंत्रं काढून माझ्या दोन्ही मुठींत दिली. एकदा डाव्या हातात थरथर, एकदा उजव्या. हातांची घडी छातीवर घालून आपणच आपल्या खांद्यांवर आळीपाळीनं थोपटायचं, तेही दाखवलं. शेवटी हसून म्हणाली, “काका, तुम्ही उपचाराला आलात का माझी परीक्षा घ्यायला?”

घरी येऊन बायकोवर प्रयोग केला. तिच्यासमोर एकदा कुकर उडाला होता, तेव्हापासून ती शिट्टीला दचकते. तिला बसवलं आणि बोट फिरवायला लागलो.

“अहो, बोटाला ऑइल लागलंय, आधी हात धुवा,” ती म्हणाली. “आणि कुकरचं ऱ्हाऊ द्या, तुमी तुमचं बघा.”

मॅडमला हे कळलं तेव्हा तिनं असे उद्योग घरी करायचे नाहीत म्हणून मला चांगलंच झापलं.

दर बैठकीत ती विचारायची, शून्य ते दहामध्ये त्रास किती? पहिल्यांदा मी नऊ म्हणालो. तिसऱ्या बैठकीला दोन. खरंच दोन वाटत होतं. खोटं कशाला बोलू? डेपोत मोठ्या ऐटीत परवानगी काढली आणि उभ्या गाडीत चढलो. केबिनमध्ये बसलो, चावी फिरवली, आणि दोन मिनिटांत खाली उतरून चाकाशी ओकलो. सगळ्या डेपोदेखत!

दुसऱ्याच दिवशी तणतणत तिच्याकडं गेलो. “मॅडम, तुमचं बोटबीट सगळं झूट हाय!”

ती चिडली नाही. “काका, बोटांच्या मागं जाताना शेवटी काय दिसतं?”

“काय दिसणार? गाडी उभी हाय. मोपेडवाला समोरून चाललाय. फॅन घेऊन गेला नीट.”

“गाडी कुठं उभी आहे?”

“फाट्याच्या अलीकडं.”

ती हळूच म्हणाली, “आणि त्या दिवशी?”

“पलीकडं,” मी म्हणालो. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, समजा तुम्ही बसमध्ये खिडकीशी बसलाय, बाहेरचं येतंय, जातंय, नुसतं बघायचं. पण मी बसमध्ये खिडकीशी कधी बसलो होतो? पुढं धोका दिसला की ड्रायव्हरचा पाय आपसूक ब्रेकवर जातो. तीन बैठका मी आठवणीतली गाडी चालवत होतो आणि दरवेळी फाट्याच्या अलीकडं थांबवून त्या माणसाला जाऊ देत होतो. मग त्रास दोनच होणार की.

“आज थांबवू नका,” ती म्हणाली. “मी इथंच आहे.” यंत्रं माझ्या मुठींत दिली. डावी, उजवी, डावी, उजवी. माझ्या पायानं तिच्या फरशीवर असा काही जोर दिला की खुर्ची मागं सरकली. “दाबू द्या पाय,” ती म्हणाली. मी दाबला. पूर्ण दाबला. त्या दिवशीही पूर्णच दाबला होता. आणि गाडी तरी घासत गेली, फाटा ओलांडून गेली.

रस्त्यावर फॅनची पाती वाऱ्यानं फिरत होती. त्याच्या अलीकडं तो मोपेडवाला पडला होता. सदऱ्याची वरची गुंडी तुटलेली, दाढीचे खुंट पांढरे. इतके महिने मी त्याला पाहिलंच नव्हतं. पाहिला तो माझा ब्रेक, माझे हात, माझी नोकरी. घरी उकाड्यात त्याच्या फॅनची वाट बघत कोण बसलं असेल, हे मनात आलं आणि मी त्या पोरीसमोर हमसून हमसून रडलो. त्या माणसासाठी मी पहिल्यांदाच रडत होतो.

“आता किती?” तिनं बऱ्याच वेळानं विचारलं.

“सात. पर आता खरं हाय.”

तो आकडा उतरायला पुढं पाच बैठका लागल्या. शून्य झाला नाही. दीडवर अडकला, आणि ती म्हणाली, अडकू द्या.

चाचणी झाली, ड्युटी मिळाली. पहिल्याच फेरीत देवगाव फाटा आला. मी गाडी हळू केली, दोन्हीकडं पाहिलं. आडव्या रस्त्याला कुणी नव्हतं.

“माफ कर रे बाबा,” मी मोठ्यानं म्हणालो.

“मला म्हणालात का?” कंडक्टरनं मागून विचारलं.

“तुला न्हाई,” मी म्हणालो, आणि गाडी फाट्याच्या पलीकडं नेली.