मालकाची सीट

दौलत मिस्त्री मालक समोर बसल्याशिवाय गाडीचं चाक उघडायचे नाहीत. गाडी जॅकवर चढवायची, पाने फडक्यावर ओळीनं मांडायचे आणि मग सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत निवांत बसून राहायचं. मालक आला की त्याला शेडमधल्या लाल सीटवर बसवायचं आणि त्यानंतरच पहिला नट ढिला करायचा. कुणी घाई केली की म्हणायचे, "गाडी बी बसून हाय, मी बी बसून हाय. तुमीच तेवढे उभे हाय."

एकदा एका बड्या साहेबानं ड्रायव्हरला गाडी घेऊन पाठवलं. साहेब मीटिंगमध्ये आहेत, काम करून ठेवा, असा निरोप होता. मिस्त्रींनी त्या ड्रायव्हरला चहा पाजला आणि विचारलं, "साहेब दाढीले बी तुलेच पाठवते काय?" गाडी आली तशी परत गेली आणि पुन्हा कधी आली नाही. मिस्त्रींना त्याचं काही वाटलं नाही.

या हट्टामागं एक जुनी जखम होती. तरुणपणी ते नागपूरला एका गॅरेजात कामाला होते. एका गिऱ्हाइकानं आळ घेतला की या पोरानं माझं चांगलं बेअरिंग काढून घेतलं आणि जुनं बसवलं. उस्तादानं शहानिशा न करता चार लोकांसमोर त्यांच्या कानाखाली वाजवली आणि घालवून दिलं. "तवाच ठरवलं," ते सांगायचे, "माह्या हातानं जे सुटन ते मालकाच्या डोयासमोर सुटन. आन् जुना माल मालकाच्या हातात. मंग त्यानं तो देवात ठेवावा का नालीत फेकावा." हे सांगताना त्यांचा हात नकळत गालाकडे जायचा.

वर्ध्यात आर्वी नाक्याच्या अलीकडे त्यांची पत्र्याची शेड होती. त्यातली ती लाल सीट आमची होती. म्हणजे आमच्या फियाटची मागची सीट. आमचं गाव रोहणा. बाबा वांगी, टमाटे आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायचे आणि वर्ध्याच्या बाजारात आणायचे. एसटीच्या टपावर मालाचा भुगा होतो म्हणून त्यांनी कुणाची तरी वापरलेली फियाट घेतली आणि पहिल्याच आठवड्यात मागची सीट काढून तिथं टमाट्याचे कॅरेट रचले. काढलेली सीट मिस्त्रींच्या शेडमध्ये पडून राहिली आणि मालकांची झाली. आमच्या गाडीला कायम सांभाराचा वास यायचा. शाळेतल्या मुली त्यावरून मला चिडवायच्या आणि मी त्यांना नीट मारायची.

एवढं ओझं वाहून मागच्या चाकांची बेअरिंगं सारखी जायची. गाडी घुमल्यासारखा आवाज करू लागली की बाबा ती शेडमध्ये आणायचे आणि मिस्त्री कपाळाला हात लावायचे. "भाऊ, हे फियाट हाय, छकडा नोहे! हिच्या कंबरड्यावर किती बसवसान?" मी बाबांच्या शेजारी लाल सीटवर बसून सगळं बघायची. बेअरिंग निघालं की मिस्त्री ते पुसून बाबांच्या हातात द्यायचे, बाबा माझ्या हातात. मी ते बोटावर फिरवायची. आतल्या गोळ्या खरखरल्या की मिस्त्री विचारायचे, "काय म्हणते, बाई?" मी म्हणायची, "मेलं." ते मान डोलवायचे. चाक वरून आणि खालून धरून हलवलं तर हाताला काय कळतं, हे मला त्यांनी शिकवलं तेव्हा मी चौथीत होते. माझा धाकटा भाऊ सुनील पेट्रोलच्या वासानंच ओकायचा. तेव्हा तो शेडच्या आत कधी आला नाही.

हे सगळं सांगते आहे ते उगाच नाही. त्या सीटवर लहानपणापासून कोण बसत आलं होतं, हे दौलत मिस्त्रींना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

पुढं मी वर्ध्यातच शिक्षिका झाले, संसार वर्ध्यातच थाटला. बाबांना अर्धांगवायू झाला आणि फियाट रोहण्याला गुरांच्या कोठ्यात उभी राहिली ती सहा वर्षं. बाबा गेल्यावर सुनीलनं आर्वीच्या कचेरीत मला हक्कसोडीवर सही करायला बोलावलं. आमच्याकडे बहिणी सही करतात आणि वर भावाला पेढा भरवतात. मीही केली, मीही भरवला. फक्त एवढंच म्हटलं की मला बाबांची गाडी हवी. सुनील हसला. "घेऊन जा ना ताई, कोठ्यातली जागा तरी मोकळी होईन."

गाडी कागदावर माझ्या नावे करून घ्यायला हवी, हे मला तेव्हा सुचलं नाही. भाऊ म्हणाला होता, एवढं मला पुरेसं वाटलं.

टेंपोवर चढवून गाडी शेडमध्ये आणली. हँडब्रेक ओढलेला राहिला होता, त्यामुळे मागची दोन्ही चाकं जाम. ड्रम गंजून बसलेले, शाफ्ट आतल्या बेअरिंगसकट गंजून घट्ट. मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि टपावर हात ठेवला. मग म्हणाले, "भाऊची गाडी हाय. हिले ठोकाचं नाई. हिले मनवाचं." बाबांना ते भाऊच म्हणायचे.

तीन आठवडे मनवणं चाललं. रोज सकाळी डिझेल आणि जळकं ऑइल एकत्र करून फटीफटीत सोडायचं आणि लाकडाच्या ठोकळ्यानं भोवताली हलक्या टिचक्या मारायच्या. दुसऱ्या कुणी गॅसचा जाळ लावून तासाभरात मोकळं केलं असतं. "जाळ लावला का लोखंड सुटते, पण त्याची जान जाते," ते म्हणायचे. शाळा सुटल्यावर मी रोज शेडमध्ये जायची. नवी बेअरिंगं मी नागपूरची सहा दुकानं पालथी घालून मिळवली. बाजारातली बनावट मिळत होती, ती मिस्त्रींनी डब्याला हात न लावता परत करायला लावली होती. गाडी चालू झाली की पहिल्यांदा रोहण्याला न्यायची, बाबांच्या वांग्याच्या वावरापर्यंत, एवढंच माझ्या मनात होतं. पन्नाशीच्या बाईला एवढीशी हौस असू नये काय?

एका संध्याकाळी मिस्त्री म्हणाले, "आता तयार हाय. या आइतवारी सोडवू. सुनीलले बोलावजो."

मला वाटलं, थट्टा करताहेत. "सुनील कशाला? मी आहे ना."

"मालक पाह्यजे, बाई."

"मीच मालक आहे."

त्यांनी खर्रा तोंडात टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू लेक हायस. भाऊच्या मांगं पोरगा मालक. मी काय नवीन सांगून राह्यलो काय?"

मी हक्कसोड सांगितली, सुनीलचा शब्द सांगितला, लहानपण काढलं. त्यांनी आजवर कुणाला गाडीचा कागद विचारला नव्हता. जो येईल आणि माझी गाडी म्हणेल, त्याला ते सीटवर बसवायचे. नेमकं माझ्याच वेळी त्यांना माझ्यामागं एक पुरुष उभा हवा होता. मी चिडून बोलले तेव्हा ते दुखावल्यासारखे झाले. "तुया राग मले समजते. पण उद्या कोणी म्हणन, दौलतनं मालकाच्या मांगं गाडी उघडली. हे तोंड घेऊन मी कुठं जाऊ?"

मी सुनीलला फोन केला नाही. त्यांनी केला.

रविवारी सकाळी शेडमध्ये गेले तर सुनील लाल सीटवर बसून मोबाइल बघत होता. मी उभी राहिले. दुसरी सीट नव्हती. मिस्त्रींनी स्वतः बनवलेला एक लोखंडी दांडा होता, त्यावर सरकणारं जड वजन. तो शाफ्टला अडकवून त्यांनी वजन मागं झटकलं. एकदा, दोनदा, सातव्यांदा काड्कन आवाज झाला आणि सहा वर्षं अडकलेला शाफ्ट चार बोटं बाहेर आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाचे हात मी तेव्हाही मनापासून बघत होते. बेअरिंगला धरून ठेवणारं शाफ्टवरचं कडं त्यांनी छिन्नीच्या दोन घावांत फोडलं, पण खाली शाफ्टला ओरखडा नाही. जुनं बेअरिंग पुसलं, उठले आणि सवयीनं माझ्याकडे दोन पावलं आले. मग थांबले, वळले आणि ते सुनीलच्या हातात दिलं. सुनीलनं बोटं काळी झाली म्हणून ते लगेच सीटवर ठेवलं आणि रुमाल शोधू लागला.

नवी बेअरिंगं बसली, नवी कडी तापवून चढली, चाकं पाण्यासारखी फिरू लागली. सुनील गाडीभोवती हिंडून फोटो काढत होता. "एवढी मस्त निंघन असं नोतं वाटलं, काका," तो म्हणाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पुढच्या बुधवारी शाळेतून शेडवर गेले तर जॅकच्या जागी नुसते तेलाचे डाग.

"गाडी कुठं आहे?"

मिस्त्री पाना पुसत राहिले. "सुनील घेऊन गेला. मालक होता, मले नाई म्हणता आलं नाई."

नागपुरात लग्नाच्या वरातीला जुन्या गाड्या भाड्यानं देणारा कुणी होता, त्याला सुनीलनं ती विकली. मला फोनवर म्हणाला, "ताई, तू चालवणार होतीस काय ती? काऊन एवढी चिडून राह्यली?" त्याच्याशी भांडायची मला ताकदच झाली नाही. भावाकडून मी फार काही धरलं नव्हतं. पण दौलत मिस्त्रींकडून धरलं होतं. मी त्यांना एवढंच म्हणाले, "काका, या सीटवर मला आता कधी बस म्हणू नका."

त्यानंतर मी रोज त्याच रस्त्यानं स्कूटरवरून जायची आणि मान वळवायची नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचं की माझी स्कूटर आली की ते हातातलं काम टाकून उठून उभे राहतात. मी वेग वाढवायची.

दिवाळीनंतर एकदा ते शाळेत आले. धुतलेला सदरा, टोपी. फाटकापाशी उभे राहून त्यांनी शिपायाकरवी मला बोलावलं. हातात फडक्यात बांधलेलं काही होतं. म्हणाले, "सुनील हे सीटवरच टाकून गेलता. जुना माल मालकाच्या हातात द्यावा लागते, बाई. त्या दिशी माह्यी चूक झाली." आणि दोन्ही हातांनी ते फडकं पुढं केलं.

मला माहीत होतं की या माणसानं आयुष्यात कुणापुढं अशी मान खाली घातलेली नाही. तरी मी म्हणाले, "गाडी गेल्यावर मालकीण आठवली काय? ठेवा तुमच्याकडेच. माझा तास आहे." तास नव्हता. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघितलं, ते बराच वेळ फाटकापाशी उभे होते. मग फडकं खिशात घालून गेले. मला त्या वेळी बरं वाटलं. ते बरं वाटणं अजून माझ्या अंगावर आहे.

उन्हाळ्यात ते गेले. शेडमध्येच, काम करताना छातीत कळ आली. शाळेला सुट्टी असल्यानं त्या रस्त्यानं माझं जाणं नव्हतं; मला कळलं तेव्हा तेरवी होऊन चार दिवस झाले होते. शेडला लागूनच त्यांचं घर होतं. काकूंनी मला पाहिल्यावर आत जाऊन एक डबा आणला. त्यात ते बेअरिंग होतं, नव्या ग्रीसमध्ये बुडवलेलं. मेलेल्या बेअरिंगला कुणी ग्रीस लावत नाही.

"दर आठवड्याले पुसत आन् लावत," काकू म्हणाल्या. "जंग लागू द्याचा नाई म्हणत. सुनीलभाऊ दहाव्याले आलते. मी म्हटलं, त्याहिलेच देऊन टाकू. पण बुढे सांगून गेलते, बाईच्याच हातात देजो. ते आली नाई तं राहू देजो."

मी डबा घेतला. मला राग आला, त्यांचाही आणि माझाही, आणि दोन्ही आता कुणाला दाखवायची सोय नव्हती. त्यांनी उशिरा का होईना चूक मान्य केली होती. मी तेवढंही केलं नाही.

काकूंनी शेडची कडी काढली. पाने फडक्यावर ओळीनं होते तसेच होते. जॅक रिकामा. लाल सीटवरची धूळ त्यांनी पदरानं झटकली आणि म्हणाल्या, "उभी काऊन हायस? बस ना, बाई."

मी बसले. बोटानं ग्रीस बाजूला सारून बेअरिंग फिरवलं, गोळ्या खरखरल्या. काय म्हणते, असं विचारणारं समोर कुणी नव्हतं. मालकीण म्हणून त्या सीटवर मी पहिल्यांदा बसले ती अशी, आणि उघडायला गाडी नव्हती.