स्वभावाची कॉपी आणि इनामदार सर

आदरणीय मुनीर इनामदार सर पंचाहत्तर वर्षांचे झाले, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. त्यांची-माझी पहिली ओळख झाली ती मी केलेली कॉपी पकडली गेली म्हणून. गौरवग्रंथात असं कुठं लिहितात का, असं संपादकांनी विचारलं. पण जे घडलं तेच लिहितो.

वसमतजवळच्या आमच्या हळद कारखान्यात सर कर्मचारी अधिकारी होते. भरतीच्या वेळी ते उमेदवारांकडून स्वभावाची प्रश्नावली भरून घेत. 'अनोळखी माणसांत मी सहज मिसळतो', 'मला राग लवकर येतो' अशी वाक्यं आणि पुढं सहमत-असहमतच्या चौकटी. यात बरोबर-चूक काही नसतं, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. पण आम्हा साखरा गावच्या पोरांना कागद दिसला की परीक्षाच वाटायची. शेजारी बसलेला गजानन गावात सगळ्यांत बोलका, तेव्हा त्याचीच उत्तरं बरोबर असणार, असं धरून मी खूण न् खूण उतरवून काढली. 'मी आयुष्यात कधीच खोटेपणा केला नाही' यालासुद्धा 'पूर्ण सहमत'!

दुपारी सरांनी आत बोलावलं. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले.

"गजानन अन् तुमी जुळे भाऊ का?"

"न्हाई सर."

"मग स्वभाव इतका बराबर कसा जुळला? लग्नाच्या पत्रिकाबी एवढ्या जुळत न्हाईत!"

घरात कमावतं कुणी नव्हतं. दोन धाकट्या बहिणींची शाळा या नोकरीवर अडून होती. व्यवस्थापक तिथंच बसले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, दोघांनाही घरी पाठवा. सर शांतपणे म्हणाले, "पाठवू. आधी हा माणूस कसा आहे ते तर कळू द्या."

मग त्यांनी कोरी प्रश्नावली घेतली आणि एकेक वाक्य आमच्या बोलीत विचारलं. कागदावर होतं, 'संदिग्ध परिस्थितीत मी अस्वस्थ होतो.' सर म्हणाले, "सायब काम सांगून गेले, पर कसं करायचं ते सांगितलंच न्हाई. जिवाची घालमेल होते का?"

"लई होते सर."

"अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं?"

"न्हाई सर. घाम फुटतो."

त्या खऱ्या उत्तरांवर मला गोदामात हळदीच्या प्रतवारीचं काम मिळालं. गजाननची स्वतःची उत्तरं होतीच. तो विक्रीला गेला आणि तिथं चमकला.

सरांची एक पद्धत होती. प्रश्नावली भरून झाली की कोपऱ्यात ते पेन्सिलीनं त्या दिवसाची हकिगत लिहीत. 'सकाळपासून उपाशी.' 'लेकरू दवाखान्यात.' काही अधिकारी याला हसत. सर म्हणत, उपाशी माणसाला राग येतो का विचारलं, तर तो काय सांगणार?

पुढं काही वर्षांनी गोदाम-प्रमुखाची जागा निघाली. नव्या साहेबांनी त्या दुपारी सरांनी भरलेला माझा जुना कागद बैठकीत काढला. 'माणसांत मिसळत नाही', म्हणजे नापास. मी दाराबाहेर उभा होतो. सरांचा आवाज एरवी कधी चढत नसे, त्या दिवशी चढला. "कोपरा वाचा साहेब. 'फार घाबरलेला. पुन्हा विचारावे.' हे माझंच अक्षर आहे. पुन्हा विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. त्याची शिक्षा या माणसाला काहून?"

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. साहेबांना घेऊन हळद निवडणाऱ्या बायांकडे गेले आणि माझ्याबद्दल विचारलं. हट्टा गावच्या सखूबाई म्हणाल्या, "बोलत न्हाई जास्त. पर आमी बोलून राहिलो की पुरतं ऐकून घेतो." जागा मला मिळाली.

आपली चूक चारचौघांत कबूल करणारे अधिकारी मी दुसरे पाहिले नाहीत. सर निवृत्त झाले त्या दिवशी सगळे भाषणं करत होते. माझं नाव पुकारलं, तेव्हा मी चहाचं निमित्त काढून बाहेर पळालो. त्याची खंत आजवर आहे.

म्हणून आज लिहितो. सर, त्या दुपारी तुम्ही मला घरी पाठवलं असतं, तर कुणीही तुम्हाला नावं ठेवली नसती. माझी धाकटी बहीण आज डोंगरकडा गावच्या शाळेत शिकवते. तुमचे गुडघे बरे राहोत, नजर शाबूत राहो, तुम्ही शंभरी पार करा. गौरव समारंभात मी बोलणार आहे. घाम फुटला तरी बोलणार आहे. तुम्ही फक्त समोर बसा.