दोन साडू, एक तंबू

विनायकराव गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यांच्यावरच चिडलेला होतो. रविवारची सकाळ, सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या आमच्या ब्लॉकखालचं हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांचा चौक, समोर इथल्या कॉफीचे, कोपीचे, दोन कप आणि त्यातला एक गार होत चाललेला. उशीर करणं हा माझा प्रांत. ते पडले बोटीवरचे इंजिनिअर. नेहमी माझ्याआधी येऊन बसायचे आणि मी आलो की मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे. तेव्हा मनात म्हटलं, चला, जन्मात एकदा तरी थोरल्या जावयाला उशीर झाला, आज चांगलं ऐकवतो. काय ऐकवायचं त्याची जुळवाजुळवही करून ठेवली. मग फोन वाजला. नाव त्यांचं, आवाज त्यांच्या मुलाचा, निखिलचा. "काका, बाबा झोपेतच गेले... मी चहा घेऊन रूममध्ये गेलो तर..." पुढे तो इंग्रजीत बोलत राहिला आणि मला त्यातलं काही कळेना. मी नुसता "हो, हो" म्हणत होतो. खरं सांगतो, पहिल्यांदा दुःख झालं नाही, रागच आला. मला एकट्याला मागे ठेवून जायचं, असं आपलं कधी ठरलं होतं हो?

विनायकराव माझे साडू. साताऱ्याच्या एका शाळामास्तरांना दोन मुली. थोरली नलिनी त्यांची, धाकटी शैला माझी. मित्र निदान आपण निवडतो तरी. साडू बायकोच्या माहेराबरोबर येतो आणि तो बदलून मिळत नाही. सुरुवातीची कितीतरी वर्षं आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. ते माझ्या चार वर्षं आधी त्या घरचे जावई झालेले. त्यामुळे धोंड्याच्या महिन्यात वाण आधी त्यांना, पंगतीत पहिला पाट त्यांचा आणि सासूबाईंच्या तोंडी उठताबसता "विनायकराव असं म्हणतात, विनायकराव तसं करतात". बोटी सोडून ते सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत नोकरीला लागले आणि नलूताईंसह इथेच स्थायिक झाले, तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. पण बहिणींना एवढं अंतर सोसेना. शैलानं मला पुण्यातल्या बऱ्या चाललेल्या सॉफ्टवेअरच्या नोकरीतून उचललं आणि एम्प्लॉयमेंट पासवर इथे आणून बसवलं. गणपती, दिवाळी, संक्रांत सगळं त्यांच्या बुकित तिमाहच्या कोंडोतल्या फ्लॅटवर होऊ लागलं. आम्हाला मूलबाळ नाही. आमचं घर म्हणजे आम्ही दोघं, आणि नातेवाईक म्हणजे ते तिघं.

आफ्रिकेचं खूळ या दोघी बहिणींचं. दुपारी आपापल्या घरी एकच चॅनल लावायच्या आणि फोन कानाला लावून बसायच्या. "अगं, ती डावीकडची सिंहीण बघ, आयत्या बिळावर नागोबा आहे मेली. शिकार हिनं केलीच नाही." तास तास हे चालायचं. मग ठरलं की चौघांनी केनियात जायचं, नदीकाठी तंबूत राहायचं आणि हे सगळं डोळ्यांनी बघायचं. आम्ही दोघा जावयांनी नेहमीप्रमाणे मान डोलावली. पण नलूताई आजारी पडल्या आणि गेल्या. वर्षभरानं शैला म्हणाली, आपण तिघं तरी जाऊ, ताईला बरं वाटेल. मग शैलाही गेली... त्यानंतर कितीतरी दिवस मी दुपारी तो चॅनल लावून ठेवत असे, आवाज बंद करून. बघायचो मात्र नाही.

बुकित तिमाहला डाउनटाउन लाइन सुरू झाली आणि विनायकराव दर रविवारी एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, माझ्याकडे यायला लागले. अशाच एका रविवारी म्हणाले, "साडूभाऊ, आपण जाऊन येऊ."

"कुठे?"

"आफ्रिकेला. वर गेल्यावर दोघी पहिलं तेच विचारतील. मला तोंडघशी पडायचं नाही."

प्राण्यांमध्ये मला काडीचा रस नव्हता आणि त्यांना माझ्याहून कमी. तरी गेलो. चांगली सत्तरी गाठलेले ते आणि त्यांच्या मागे मी, अशी ही वरात मारा नदीच्या काठी जाऊन उतरली. कॅम्प म्हणजे झाडीत लांब लांब उभे केलेले तंबू. आमच्या तंबूत दोन खाटा, मधे एक कंदिलासारखा दिवा, बाहेर लाकडी ओटा आणि त्यावर दोन कापडी खुर्च्या. खाली नदीत पाणघोडे डुंबत पडलेले. त्यांचं ते घोगरं हुंकारणं ऐकून विनायकरावांनी पहिल्याच दिवशी, बोटीच्या तळातलं पाणी उपसणारं यंत्र आठवून, निदान केलं, "बिल्ज पंप हवा ओढतोय." भडंगाचा डबा मी ओट्यावर उघडा ठेवला तर माकडानं तो पळवला आणि समोरच्या फांदीवर बसून, शेंगदाणे तेवढे वेचून, बाकीचं खाली उधळलं. "साताऱ्याचं दिसतंय," ते म्हणाले. चार दिवसांत हसण्यासारखं एवढं घडेल असं मला वाटलं नव्हतं.

पहाटे उघड्या जीपमधून निघायचं, तसंच पुन्हा ऊन उतरल्यावर. आमचा गाइड जोसेफ मोठा शांत माणूस. सिंह दिसला की बाकीच्या गाड्यांतले लोक कॅमेरे काढायचे. आम्ही दोघं शाळेची परीक्षा असल्यासारखे बघत बसायचो. विनायकराव पुन्हा पुन्हा बजावायचे, "नीट बघून घ्या हो, विचारतील." सिंहीण पिलाला चाटत होती त्या जागेला झुडूप होतं की नुसतं गवत, जिराफ पाणी पिताना पुढचे पाय फाकवतो ते आधी कुठला, यावर आमची वादावादी व्हायची. एकदा जोसेफनं गाडी थांबवून दोन म्हातारे रानरेडे दाखवले. अंगभर चिखल वाळलेला, शिंगं झिजलेली, पाठीवर लाल चोचीचे पक्षी. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला; एकमेकांची ओळख नसल्यासारखे उभे. जोसेफनं सांगितलं की म्हातारे नर कळपाच्या चालीनं चालू शकत नाहीत, मग मागे पडतात आणि असे दोघं-तिघं मिळून राहतात. प्रेम असतं असं नाही, पण एकाची नजर जिथे नसते तिथे दुसऱ्याची असते. विनायकराव माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे साडूच की!" आम्ही इतके हसलो की जोसेफ घाबरला. मग त्यांनी त्याला विचारलं, दोघांतला एक गेला तर? जोसेफ म्हणाला, मग सिंहाला सोपं जातं.

पण त्या चार दिवसांतलं माझ्याजवळ राहिलंय ते प्राण्यांचं नाही, दुपारींचं. दोन फेऱ्यांच्या मधे दुपार अगदी रिकामी असे. जनावरं सावलीला निजलेली, माणसंही निजलेली. आम्हाला दोघांनाही दुपारची झोप नाही. पहिल्या दुपारी ओट्यावर बसलो असताना त्यांनी एकदम विचारलं, "मी नलूला बघायला गेलो तेव्हा शैला काय करत होती, सांगितलंय तिनं तुम्हाला?" मी म्हटलं, नाही. मग ते सांगू लागले. आमच्याकडे तेव्हा रीतच होती, थोरलीला बघायला पाहुणे आले की धाकटीला समोर येऊ द्यायचं नाही. न जाणो, मुलगा धाकटीलाच पसंत करायचा. तशी शैलाची रवानगी शेजारी केलेली. सतरा वर्षांची, दोन वेण्या. पण ही बया स्वस्थ बसेल तर ना? ऐन चहापोह्यांच्या वेळी हातात साखरेची वाटी घेऊन मागच्या दारानं आत आली आणि म्हणाली, "काकू, आईनं तुमची उसनी साखर परत दिलीये." सख्ख्या आईला काकू! सासूबाईंचा चेहरा पडला. "आणि जाताजाता मला विचारते कशी, चहा गोड झालाय ना? मी काय ओळखणार नाही? नाक डिट्टो नलूचं, आणि म्हणे शेजारची!" बत्तीस वर्षांहून अधिक संसार केला मी तिच्याशी, आणि ही मुलगी मला त्या दुपारी प्रथम भेटली.

मग रोज दुपारी मी मागायचो आणि ते द्यायचे. शैला सायकल शिकताना पडली ती, रुसून परसात बसली ती, माझं स्थळ आलं तेव्हा "मिशी आहे का?" एवढंच विचारणारी ती. एका भर दुपारी असंच काही सांगत असताना त्यांच्या पाठीमागून हत्तींचा कळप पाण्यावर उतरला. पिलं, माद्या, अगदी दगड मारला तर लागेल एवढ्या अंतरावर. मला सगळं दिसत होतं. मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर ते थांबले असते. गोष्ट संपल्यावर त्यांनी मान वळवली तर शेवटचा हत्ती पलीकडच्या काठाला लागलेला. "हत्ती राहिले की हो," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "दोघींना सांगू नका."

शेवटल्या दिवशी त्यांनी मलाच विचारलं, "तुम्ही सांगा ना काहीतरी नलूचं. मला ठाऊक नसलेलं." मी अडचणीत पडलो. मी त्या घरात उशिरा आलेला. लग्नाआधीच्या नलूताई मी पाहिलेल्याच नव्हत्या. पुष्कळ खरवडल्यावर एक सापडलं. माझं नवं लग्न झालं होतं, विनायकराव तेव्हा बोटीवर, आणि नलूताई माहेरी. मी पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे गेलो तर आत भांडण ऐकू आलं. डोकावलो, तर नलूताई एकट्याच पोळ्या लाटतायत. आधी स्वतःच्या आवाजात, "सहा महिने झाले, निदान मुलाची आठवण येते का?" मग आवाज जाड करून, "हे बघ नलू, बोट काही माझ्या तीर्थरूपांची नाही." पुन्हा स्वतःच्या आवाजात, "मग बोटीशीच संसार करा!" आणि पोळी तव्यावर थाप्पकन.

विनायकराव ऐकतच राहिले. "माझा आवाज काढायची? कसा? करून दाखवा." मी करून दाखवला. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला, आणि पुसतापुसता हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. "मला तर पत्रात लिहायची, इकडे सगळं छान, काळजी नसावी..." चष्मा पुन्हा चढवून म्हणाले, "पुन्हा एकदा करा हो." आफ्रिकेच्या त्या जंगलात, तंबूच्या दारात बसून, मी एका मेलेल्या बाईनं काढलेली नवऱ्याची नक्कल तिच्या नवऱ्याला तीनदा करून दाखवली.

परत आल्यावर आमच्या रविवारांचं रूपच पालटलं. आता ते मला शैला द्यायचे आणि मी त्यांना नलूताई. त्यांचा साठा मोठा, माझा एवढासा, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही; तीच पोळीची गोष्ट पुन्हा पुन्हा मागितली. शैलाला माझी बायको होण्याआधी पाहिलेलं असं एकच माणूस उरलं होतं. ते गेलं, तेव्हा ती दोन वेण्यांची मुलगीही त्याच्याबरोबर गेली. मला शैलाचं दुःख दुसऱ्यांदा झालं, आणि या वेळी ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. कुणाला म्हणून सांगणार, की माझे साडू गेले आणि मी पुन्हा विधुर झालो?

गेल्या आठवड्यात निखिल माझ्याकडे आला. चांगला मुलगा आहे, पण मराठी बोलताना त्याला पायऱ्या उतरल्यासारखं जपून जावं लागतं. मग इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाला, "काका, बाबा यंग होते तेव्हा कसे होते? मी कधी विचारलंच नाही, लाह. नाऊ ओन्ली यू नो."

मी म्हटलं, सांगतो. मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते माझ्याच लग्नात. काटक, उंच, समुद्रावरच्या उन्हानं रापलेले. दुसरे भटजी आयत्या वेळी आलेच नाहीत. अंतरपाटाचं एक टोक कुणी धरायचं? म्हणून थोरल्या जावयांना उभं केलं.

"अंतरपाट मीन्स तो मधला कपडा, राइट?"

"हो. मंगलाष्टकं संपेपर्यंत मधे धरतात, नवरानवरीला एकमेकांची तोंडं दिसू नयेत म्हणून."

मी सांगत गेलो. मंगलाष्टकं संपता संपेनात, प्रत्येक आत्याबाईला एकेक म्हणायचं होतं. मी घामाघूम, हातात हार, डोळ्यांसमोर नुसतं पांढरं कापड आणि त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक. तुझे बाबा मात्र ताठ उभे, हात जरासुद्धा खाली आला नाही. कडेला उभे होते ना ते, तर एकदा माझ्याकडे बघत होते आणि एकदा पलीकडे...

आणि मी थांबलो. इतक्या दुपारी, इतके रविवार... त्यांच्याकडून शैलाचं सगळं मागून घेतलं, सायकल, साखर, मिशी; आणि हे विचारायचं मला सुचलंच नाही. त्या वेळी कापडापलीकडे ती कशी दिसत होती? हसत होती, रडत होती, की माझ्यासारखीच घाबरली होती?

"देन, काका?" निखिलनं विचारलं.

"मग काय... मग अंतरपाट दूर झाला."