आधी रिकामं भांडं

गावात तिला सगळे मापवाली म्हणतात. आधी ती शिवणकाम करायची. मग टेकडीपलीकडची अणुभट्टी फुटली, वारा नेमका इकडे वळला आणि चार वर्षं गाव ओस पडलं. लोक परतले तेव्हा एक साहेब आले, "काळजीचं काही कारण नाही" म्हणाले आणि सोबत आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायले. तिचं डोकं सणकलं. "आमच्या नळाचं पिऊन दाखवा की!" भर सभेत तिनं सुनावलं. भांडभांडून तिनं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र मिळवलं, पुस्तिका अक्षर अक्षर लावून वाचली आणि शिलाई मशीन हलवून ते तिथं मांडलं.

त्याला नऊ वर्षं झाली. लोक दूध, कांदे, पालेभाजी आणतात. ती चिरायचा जिन्नस बारीक चिरते, बरणीत भरते आणि बरणी शिशाच्या जाड भांड्यात ठेवते. अर्ध्या तासानं आकडा येतो. मर्यादेच्या आत असला तर खा, नाहीतर टाका. तिथं वशिला चालत नाही.

त्या सकाळी थोरली जाऊ लाल भोपळा घेऊन आली. परसातली वीतभर माती खरवडून नवी भरल्यापासूनचं हे तिसरं पीक. आधीची दोन्ही फेकावी लागली होती. यंदाही तेच झालं तर परसात सिमेंट ओततो, असं थोरल्या दिरांनी बजावलं होतं.

"नीट मोज गं. उगाच सासूसारखं तोंड करू नकोस."

"तोंडानं आकडा बदलत नाही, जाऊबाई. बसा."

आकडा आला, मर्यादेच्या दुप्पट. जाऊनं पिशवीची घडी घातली. "ओतू देत सिमेंट. माझे गुडघे तरी सुटतील."

मापवालीला ते फार लागलं. पण गेल्या वर्षी आकडा याच्याहून कमी होता, यंदा वाढला कसा? तिनं वही पाहिली. भोपळ्याआधी लाकूडतोड्याची रानातली अळंबी! अळंबी जमिनीतलं सगळं ओढून घेते. म्हणून अळंबीनंतर भांड्याला आतून लावलेली प्लास्टिकची पिशवी बदलायची आणि आधी रिकामं भांडं मोजायचं, हा तिचाच नियम, भिंतीवर ठळक लिहिलेला. "आमचे आजोबा खायचे" म्हणणाऱ्या लाकूडतोड्याशी हुज्जत घालण्यात तीच तो विसरली होती.

दारात चार माणसं उभी होती.

"थांबा, जाऊबाई. चूक माझी आहे."

"म्हणजे मापवालीही चुकते तर!" दूधवाला खिदळला.

"चुकते. साहेबासारखी झाकत नाही. गप्प रांगेत राहा."

तिनं भांडं पुसलं, पिशवी बदलली, रिकामं मोजलं. हात धुऊन नव्या बरणीत भोपळा नव्यानं चिरून भरला. यावेळी आकडा आला मर्यादेच्या पावपटसुद्धा नाही.

जाऊनं तो दोनदा वाचला. "ह्यांना म्हणावं, सिमेंट आता डोक्यावर ओतून घ्या."

"आणि हा चिरलेला?"

"शिजायला टाक. आयता चिरलाय, तोही कधी नव्हे ते तुझ्या हातानं."

मापवालीनं शेगडी पेटवली. नऊ वर्षांत या खोलीत पहिल्यांदाच काहीतरी शिजत होतं. त्या वासानं रांगेतलं कुणी, माप झालं तरी, हलेना.