नुसतं गिळणारं यंत्र

आ-तोंगने दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा बिघडून आली असं आमच्या गल्लीत कुणी म्हटलं, तर लोक आधी म्हणणाऱ्याच्या तोंडाचा वास घेत. म्हणून ग्येक-येंग मालकीणबाई भर दुपारी त्याच्या दुकानासमोर उभ्या राहून तेच बोलल्या, तेव्हा अख्खी गल्ली हातातलं काम सोडून ऐकत होती.

काऊस्युंग शहराच्या स्टेशनामागची ही विजेच्या सुट्या भागांची गल्ली. आ-तोंग पॉवर सप्लाय, म्हणजे दिव्या-यंत्रांना वीज पुरवणारे डबे, दुरुस्त करतो, मी शेजारी ताव-हुए विकते, पाकातलं मऊ सोयाचं दही. दोघांच्या मध्ये फक्त एक पत्रा. पत्र्यापलीकडचं सगळं मला ऐकू येतं, आणि जे येत नाही ते मी जाऊन विचारते. मला तो आ-सो म्हणतो, वहिनी मानतो, त्यामुळे त्याला तक्रार करता येत नाही.

मालकीणबाईंचा बाहुल्यांचा फड आहे, ट्रकवरच रंगमंच. देवाच्या वाढदिवसाला देवळासमोर खेळ चालू होता. लढाईच्या प्रवेशात दिवे, धूर आणि ढोल सगळं एकदम सुटलं आणि ट्रक काळाठिक्कर. माणसांचं काय, ती अंधारातही शेंगा खात बसतील. पण खेळ देवासाठी होता. देवाला त्याच्याच वाढदिवशी अंधारात बसवलं, आणि सप्लाय नुकताच आ-तोंगकडून दुरुस्त होऊन आलेला.

"टेबलावर चालत होता," आ-तोंग म्हणाला.

"टेबलावर माझा नवराही फार शूर आहे," मालकीणबाई म्हणाल्या. येत्या पौर्णिमेला त्याच देवळात माफीचा खेळ होता. तोवर सप्लाय खात्रीचा झाला नाही, तर फडाचं सगळं काम पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानांत जाणार होतं. बाईंचं काम गेलं की बाकीच्या गिऱ्हाइकांचंही जाणार, हे गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही.

आ-तोंग दोन दिवस भंगाराची दुकानं धुंडाळत फिरला. मग त्याने भंगारातून उष्णता बाहेर टाकणारे, ॲल्युमिनियमच्या पात्या-पात्यांचे जाडजूड तुकडे आणले, कॉम्प्युटरचा पंखा आणला, चार मोठे ट्रान्झिस्टर, एक फिरवायचं बटण, आणि बायकोचा जुना भातकुकर उघडून त्यातला गरम झाला की टक्‌कन सुटणारा खटका काढला. बायको काय म्हणाली ते मी लिहीत नाही, पत्र्यालाही लाज वाटली होती.

"हे करतं काय?" मी विचारलं.

"वीज खातं. टेबलावर मी सप्लायला एक दिवा लावून बघायचो. एवढंसं ओझं कुणीही उचलेल. याचं बटण फिरवलं की हवी तेवढी वीज ओढतं. लढाईचा प्रवेश इथेच करता येतो."

"आणि खाल्लेल्या विजेचं काय करतं?"

"काही नाही. गरम होतं."

अशी एक वस्तू माझ्या घरी लग्नापासून आहे, असं मी म्हटलं. त्याने पहिल्यांदा हसून मान वर केली.

परीक्षेला मालकीणबाई स्वतः आल्या. बरोबर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट. आमच्याकडे यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर हिरवं पाकीट ठेवतात. लाल-पिवळं चालत नाही, शिळं तर मुळीच नाही. आ-तोंग तारा जोडत वाकला होता, तेवढ्यात बाईंनी मोठ्या भक्तीने ते नव्या यंत्राच्या डोक्यावर ठेवलं. नेमकं पंख्याच्या तोंडावर.

त्याने बटण फिरवलं. ओढलेल्या विजेचा आकडा चढत गेला, आणि थोड्या वेळाने टक्. सगळं थांबलं. मक्याचा करपट वास सुटला.

"पुन्हा तेच," बाई म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

"थांबा," आ-तोंग म्हणाला. "सप्लायचा दिवा बघा. तो जळतोय. थांबलंय ते माझं यंत्र." मग त्याला पाकीट दिसलं, खालून वितळून चिकटलेलं. त्याने ते सोलून काढलं आणि पंख्याला हात लावून बघितला. "ट्रान्झिस्टर शाबूत. भातकुकरच्या खटक्याने वाचवले."

मालकीणबाईंना लाजताना मी तेवढंच एकदा पाहिलं. त्या खाली बसल्या.

यंत्र निवलं, पाकिटाला बाजूला खिळ्यावर जागा मिळाली. पुन्हा बटण फिरलं. या वेळी यंत्र नेटाने ओढत राहिलं आणि सप्लाय तापला. सप्लायचा बारा व्होल्टचा आकडा घसरायला लागला. मालकीणबाईंचा हात पुन्हा पिशवीकडे गेला, पण आ-तोंगच्या डोळ्यांत चमक आली. चोर घरातच सापडला होता. त्याने लाकडी चॉपस्टिक घेतली आणि सप्लायच्या पोटात एकेक भाग हलकेच दाबत गेला. एका भागाच्या जाड पायाशी दाबलं की आकडा वर, सोडलं की खाली.

"सोल्डरिंगचा डाग तडकलाय. थंड असताना चिकटून बसतो, तापला की सुटतो. मागच्या वेळी माझ्या नजरेतून निसटला, बाई. चूक माझीच."

त्याने जुना डाग उपसून नवा भरला. मग बाईंच्या फोनवर लढाईचं संगीत लावून, ढोल वाजला की बटण वर, ढोल थांबला की खाली, असा अख्खा प्रवेश त्या यंत्राला खाऊ घातला. बाराचा आकडा जागचा हलला नाही. माझ्याकडची गिऱ्हाइकं वाट्या घेऊन तिथेच उभी.

पौर्णिमेला सगळी गल्ली देवळात. लढाई आली तेव्हा बाहुल्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आम्ही सगळे दिव्यांकडे टक लावून. धूर सुटला, ढोल कडाडले, दिवे लखलखत राहिले. आमच्या बाजूने अशी आरोळी उठली की लढाई आम्हीच जिंकली असावी.

शेवटी मालकीणबाईंच्या हातातली विदूषक बाहुली पुढे आली, देवाला तीनदा वाकली, आणि लाउडस्पीकरवरून म्हणाली, "देवा, आजच्या उजेडाला स्टेशनामागच्या गल्लीतला आ-तोंग जामीन आहे. यापुढेही तोच राहील."

आ-तोंग चष्मा पुसायला लागला. धूर डोळ्यांत गेला म्हणाला. धूर पलीकडच्या बाजूला जात होता, पण मी गप्प बसले. माझ्यासाठी हे किती कठीण आहे ते त्याला ठाऊक आहे.