वर्षभराचे जोडीदार

करोनाच्या पहिल्या वर्षी आमचं लग्न मोडलं आणि येणंजाणंच बंद असल्यामुळे पुण्यात कोणाला कळलं नाही. घटस्फोटाचा अर्ज कोर्टात गेला, नवरा शेजारच्या बेस्ट नावाच्या गावात भाड्याच्या घरात गेला, मी इथे परदेशात आमच्या फेल्डहोवनच्या घरातच राहिले. दर रविवारी मात्र तो सायकल मारत यायचा आणि आम्ही सोफ्यावर शेजारी बसून त्याच्या आईला व्हिडिओ कॉल करायचो. घरी एकच पाहुणा बोलवायची परवानगी होती, तेव्हाही माझा पाहुणा म्हणजे माझा नवराच. याचं मला हसूही यायचं.

सांगायचं पुढे ढकलत होते ती मीच. नवरा सोडून गेल्याचं दुःख करून झालं होतं. सासूबाईही दुरावतील, याची भीती होती. मी डिपेंडंट व्हिसावर इथे आले तेव्हा नोकरी नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं. दुपारी तासन्‌तास फोनवर माझ्याशी बोलल्या त्या फक्त त्याच.

पुढच्या वसंतात टॅक्स भरायची वेळ आली. वर्षाच्या मधेच वेगळं झालेल्यांना इथे निवड असते. दोघं तयार असतील तर अख्ख्या वर्षासाठी जोडीदार म्हणून भरता येतं, नाहीतर एकत्र राहिले तेवढेच महिने धरायचे. रविवारचा कॉल संपल्यावर त्याने लॅपटॉपवर दोन्ही हिशेब दाखवले. अख्खं वर्ष धरलं तर घरकर्जाच्या व्याजाची वजावट बरी मिळत होती. कागदावरच तर आहे, असं तो म्हणाला. मी हो म्हटलं. हातचे पैसे सोडण्यात कसला आलाय स्वाभिमान. पण टॅक्सवाल्यांना आमचं खरं माहीत होतं आणि सासूबाईंना नव्हतं, हे त्या दिवशी मनाला लागलं. पुढच्या रविवारी येऊ नकोस, मी एकटीच बोलते, असं मी त्याला सांगून टाकलं.

मी एकटी दिसल्यावर सासूबाईंनी तो कुठे आहे हे विचारलंच नाही. तो गेल्या वर्षीच वेगळा राहायला गेला, हे मी एका दमात सांगितलं. त्या चष्मा पुसत राहिल्या.

"कळलं होतं गं मला," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या सुमारास कॉल चालू असताना त्याने तुला विचारलं, पाणी मिळेल का? स्वतःच्या घरात असं कोण विचारतं?"

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. तू सांगशील म्हणून थांबले होते, म्हणाल्या. मला रडू आवरेना. त्यांनी मला रडू दिलं.

"त्याच्याशी मी आता शनिवारी बोलेन," त्या म्हणाल्या. "रविवार तुझा."